मशीन पाठवण्याआधी बोडावाल्याला विचारा

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कुणा ना कुणा नातेवाइकाची लिंक येते. मुलगी प्री-मेड (मेडिकलला जायच्या आधीचं कॉलेज) करतेय, कॉलेजच्या ग्रुपबरोबर युगांडाला निघालीय, तिथल्या लोकांना इमर्जन्सीचं ट्रेनिंग देणार, सोबत उपकरणं नेणार, मदत करा. खाली 'प्राउड ऑफ यू'ची रांग. मी पैसे देतो, पण आधी चार प्रश्न विचारतो. त्यामुळे खानदानात माझी ख्याती खडूस काका अशी झाली आहे. असो. एकदा सविस्तर लिहून टाकतो.

अजून डॉक्टर न झालेल्या पोरांनी परदेशात जाऊन टाके घालायचे, बाळंतपणं करायची, याला माझा ठाम विरोध आहे. जे स्वतःच्या देशात करायची परवानगी नाही, ते समोरचा पेशंट गरीब आहे म्हणून करता येत नाही. पण प्रथमोपचाराचं तसं नाही. वाहतं रक्त दाबून धरणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं, मोडलेला पाय फळीला बांधल्याशिवाय न उचलणं, हे करायला डॉक्टर लागत नाही. शिकवायलाही नीट तयारी केलेला विद्यार्थी पुरतो. प्रश्न एवढाच, की शिकवायचं कुणाला?

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, अपघात झाला की जखमीला बहुतेक वेळा जे वाहन सापडेल त्यातून हलवतात. पोलिसांची गाडी, टॅक्सी, नाहीतर बोडा-बोडा, म्हणजे तिथली मोटरसायकल टॅक्सी. तेव्हा पहिला हात लागतो तो यांचा. तिथल्या ३०७ जणांना, त्यात पोलिस, टॅक्सीवाले आणि वस्त्यांमधले पुढारी होते, प्राथमिक ट्रेनिंग देऊन केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. चाचणीतले गुण ४५ टक्क्यांवरून ८६ वर गेले. अख्ख्या शहराला पुरेल इतक्या लोकांना शिकवायचं तर खर्च शहरातल्या दर माणशी १२ सेंट, असा त्यांचा अंदाज होता. आता एका विद्यार्थ्याचं विमानभाडं दीड हजार डॉलर धरा आणि करा भागाकार. भाव तेव्हाचा आहे हे मान्य, पण त्या हिशोबाने साडेबारा हजार लोकवस्तीचं काम होतं.

पुढे २०१६ मध्ये युगांडातल्याच ईगांगा इथे बोडावाल्यांना असंच शिकवलं गेलं. घानात त्याच्याही आधी ३३५ व्यावसायिक ड्रायव्हरांना शिकवलं होतं. नंतर त्यातल्या काहींची विचारपूस केली, तेव्हा त्या काहींपैकी ६१ टक्के लोकांनी मधल्या काळात कुणाला तरी प्रथमोपचार दिले होते. उत्तर इराक आणि कंबोडियात भूसुरुंगांनी जखमी होणाऱ्यांसाठी गावकऱ्यांची आणि त्यांच्यावर पॅरामेडिकची साखळी उभारली, तेव्हा १९९७ ते २००१ या काळात जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून सुमारे १५ वर आलं. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवून अर्भकमृत्यू किती खाली आणले, ते १९९९ सालीच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं.

आता उपकरणांकडे येतो. माझी सगळी नोकरी हॉस्पिटलांची मशीनं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार.

दानात आलेल्या मशीनचा फोटो पहिल्या दिवशी निघतो. नंतरचं कुणी बघत नाही. एका धर्मादाय हॉस्पिटलात अमेरिकेहून आलेला मॉनिटर उत्साहाच्या भरात थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला गेला होता. ११० व्होल्टचं यंत्र, आपल्याकडे २३०. धूर निघाला, मग मला फोन. युगांडातही २४० आहे. एईडीचे (हृदयाचे ठोके बिघडले तर विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड दोन-चार वर्षांत कालबाह्य होतात, बॅटरी संपते, आणि नवीन बॅटरी जिल्ह्याच्या गावी मिळत नाही. शिवाय रस्त्यावरच्या अपघातात माणूस मरतो तो बहुतेकदा रक्तस्रावाने, नाहीतर डोक्याच्या मारामुळे. तिथे एईडी काय करणार? गरीब देशांतली जवळपास ४० टक्के वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली असतात, असं २०११ च्या एका पाहणीत दिसलं. त्याच अभ्यासकांपैकी एकाने आधी असंही दाखवलं होतं, की बंद मशीनांपैकी दोन तृतीयांश मशीनं अगदी प्राथमिक कौशल्यांवर पुन्हा चालू होतात. फ्यूज, प्लग, साफसफाई, एखादी तुटलेली वायर. म्हणूनच इंजिनिअरिंग वर्ल्ड हेल्थ या संस्थेचा विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम मला आवडतो. त्यांची मुलं उन्हाळ्यात दोन महिने जातात. आधी तिथली भाषा आणि दुरुस्ती शिकतात, मग हॉस्पिटलात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. फोटो फारसे चांगले येत नसतील बहुधा.

मशीन द्यायचंच तर लाइफबॉक्ससारखं द्या. डॉ. अतुल गावंडे (वडील विदर्भातल्या उटी गावचे, हे सांगायचा मोह आवरत नाही) यांनी २०११ मध्ये सुरू केलेली ही संस्था ऑपरेशन थिएटरसाठी पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) देते. तो अशाच ठिकाणांसाठी बनवलेला असतो आणि त्याच्याबरोबर ट्रेनिंगही येतं.

बोडावाल्याला मात्र ऑक्सिमीटरही नको असतो. त्याला हातमोजे हवेत, गॉज हवं, बँडेज हवं. आणि हे सगळं वापरलं की संपतं! किट वाटून ग्रुप परत गेला, त्यानंतर दुसरा जखमी आला, तिसरा आला. पिशवी पुन्हा कोण भरणार? बोडावाला रोजच्या कमाईवर जगतो. त्याच्या खिशातून हे होणार नाही, आणि उघड्या हाताने अनोळखी माणसाच्या रक्ताला हात लाव असं त्याला सांगायचा हक्क कॉलेजच्या पोरांना नाही.

माझे प्रश्न सगळे इथूनच निघतात. शिकवणार कोण, तुम्ही इंग्रजीत की तिथलाच कुणी तिथल्या लुगांडा भाषेत? सहा महिन्यांनी उजळणी कोण घेणार? शिकलेला बोडावाला पुढच्या वर्षी शिकवणारा होणार का, आणि त्या दिवशी बुडालेल्या धंद्याचे पैसे त्याला मिळणार का? तुमच्या बजेटमध्ये टी-शर्ट आहेत, त्यात हे कुठे आहे?

उत्तरं तयार असतील तर जरूर जावं. हे काम सलग तीन-चार वर्षं धरून ठेवणारे विद्यार्थी असतात. ते नोंदी ठेवतात, स्थानिक प्रशिक्षकांबरोबर बसून अभ्यासक्रम सुधारतात. त्यांच्यासाठी मी चेक लिहिताना प्रश्नही विचारत नाही. बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून दहा दिवसांसाठी जाणाऱ्यांनी घरीच रेडक्रॉसचा कोर्स करावा आणि आपल्याच गावात शिकवावं.

कंपाला, नैरोबी, आक्रा इकडचे मराठी लोक वाचत असतील तर एक विनंती. तिथल्या बाजारात हातमोज्यांचा खोका आणि गॉजचा रोल कितीला मिळतो, ते कमेंटमध्ये लिहा. इथून पाठवणं स्वस्त की तिथेच घेणं, हा हिशोब मला एकदा नीट करायचा आहे.