मेण म्हणजे इमल्सिफायर नव्हे

"मधमाशीचं मेण खोबरेल तेलात वितळवा, गुलाबजल घाला, वर व्हिटॅमिन ई टाका, प्रिझर्वेटिव्हशिवाय क्रीम महिनोन्महिने टिकतं," असा मजकूर सध्या फिरतोय. यात दोन चुका आहेत.

नुसतं मेण तेलाला घट्ट करतं, त्याचं जेल बनवतं. तेल-पाण्याची मोट नीट बांधणं हे इमल्सिफायरचं काम, ते एकट्या मेणाला जमत नाही. मी करून पाहिलंय. फेटताना लोण्यासारखं छान दिसतं, आणि दोन दिवसांनी बरणीच्या कडेला पाण्याचे थेंब सुटतात. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत टाकणखार (बोरॅक्स) असायचा. मेणातल्या आम्लांशी त्याची क्रिया होऊन साबण तयार होतो आणि तोच पाणी धरून ठेवतो. आज घरी करायचं तर इमल्सिफायिंग वॅक्स (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं तयार वॅक्स) घ्या, तेल आणि पाणी वेगवेगळी ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, मगच एकत्र करून फेटा.

व्हिटॅमिन ईमुळे तेल उशिरा खवट होतं, एवढंच. बुरशी आणि जंतू त्याने थांबत नाहीत. पाणी आलं की प्रिझर्वेटिव्ह हवंच. बाळाच्या अंगाला तर असलं क्रीम कृपा करून लावू नका. प्रिझर्वेटिव्ह नकोच असेल तर पाणी वगळा. चार भाग तेल, एक भाग मेण, कोरडी बरणी आणि काढताना कोरडं बोट.