फ्रीजरमध्ये ठेवले की बी पन्नास वर्षे टिकते?

'कोणत्याही झाडाचे बी कडक उन्हात वाळवून हवाबंद बरणीत भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा, पन्नास वर्षे टिकेल, परागकणांचेही तसेच, स्वालबार्डच्या तिजोरीत हेच करतात,' असा संदेश बागप्रेमींमध्ये सध्या फिरतो आहे. (स्वालबार्ड ही नॉर्वेची उत्तर ध्रुवाजवळची बेटे, तिथे जगभरच्या पिकांचे बी थंडीत जपणारी तिजोरी आहे.) भात, ज्वारी, वाल, टोमॅटो यांच्यापुरता तो बराचसा खरा आहे. चूक सुरू होते ती 'कोणत्याही' या शब्दापासून.

आंब्याची कोय, फणसाची आठळी आणि कोकोचे बी मुळातच ओलसर असतात व वाळवले की मरतात. न वाळवता गोठवले, तर आतल्या पाण्याचे बर्फ होऊन पेशी फुटतात. वाळलेली आठळी आमटीत उत्तम लागते, पण ती उगवत नाही. म्हणूनच अशा झाडांचे वाण मुख्यतः बागांमध्ये जिवंत झाडांच्या रूपाने जपले जातात, आणि स्वालबार्डमध्ये त्यांचे बी ठेवता येत नाही.

वाळवण्याचा सल्ला योग्य असला, तरी सांगितलेली रीत चुकीची आहे. बियातील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एक टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सियसने उतरले तरीही तसेच घडते, असा ठोकताळा आहे. परंतु हा ओलावा उष्णतेने नव्हे, कोरड्या हवेने काढायचा असतो. बियाणेपेढ्या, म्हणजे वाणांचे बी जपून ठेवणाऱ्या संस्था, त्यासाठी ५ ते २० अंश तापमान आणि १० ते २५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखतात. कोकणात पावसाळ्यात पंख्याखाली कितीही दिवस पसरले तरी बी तेवढे कोरडे होणार नाही. बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवणे हा घरगुती उपाय. शिवाय फ्रीजरमधून काढलेली बरणी लगेच उघडली, तर गार बियांवर दव धरते. ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

परागकणांविषयीचे विधान तर सर्वांत सैल आहे. खजुराचे पराग वाळवून थंडीत पुढच्या हंगामापर्यंत ठेवता येतात, गहू व भात यांचे मात्र फुलाबाहेर पडल्यावर मिनिटांतच निकामी होऊ लागतात. शिवाय परागातून रोप येत नाही. त्याला मादी फूल लागतेच.

राहिला स्वालबार्डचा दाखला. तिथे उणे १८ अंशांत ठेवतात ती मूळ पेढ्यांतील वाणांची राखीव प्रत. सीरियातील युद्धामुळे तिथली आपली पेढी वापरता येईना, तेव्हा कोरड्या प्रदेशांतील शेतीवर संशोधन करणाऱ्या इकार्डा या संस्थेने २०१५ मध्ये आपले नमुने स्वालबार्डहून परत मागवले, ते लेबनॉन व मोरोक्कोत पेरून वाढवले आणि नव्या बियांचा साठा पुन्हा स्वालबार्डला पाठवला. घरच्या फ्रीजरमधले बीही अधूनमधून मूठभर काढून ओल्या कापडात उगवून पाहावे, आणि उगवण घसरू लागली की उरलेले पेरून नवे बी धरावे.