पन्नास हजार मुद्दलात टाका म्हटलं होतं, मुद्दलात!

दुपारी बँकेतून आले तेव्हापासून डोकं फिरलंय. जेवण गेलं नाही, सासूबाईंवर उगाच खेकसले, पोट्टीचा फोन आला तर तिलाही धड बोलले नाही. आता रात्रीचे साडेअकरा झाले, हे ड्युटीवर गेलेत, मुक्कामी गाडी आहे, सांगू तरी कोणाला. म्हणून लिहून राहिले.

12 जानेवारीला मी स्वतः तालुक्याला जाऊन होम लोनच्या खात्यात 50 हजार भरले. स्लिपवर लिहिलं, आणि काउंटरवरच्या पोराला तोंडानंही सांगितलं, एकदा नाही दोनदा, की दादा हे मुद्दलात टाका, हप्त्यात नाही. हो ताई, हो ताई करत शिक्का मारला त्यानं. अन् 5 फेब्रुवारीला हप्ताच कटला नाही. मला वाटलं सर्व्हर बंद असंल, दोन दिवस वाट पाहिली, मग पासबुक भरून आणलं, लोनचं स्टेटमेंट मागितलं. ते मिळवायला दोन चकरा, ते वेगळंच. स्टेटमेंटमध्ये काय, तर माझे 50 हजार पुढच्या हप्त्यांसाठी जमा करून ठेवले. 13,900 चे तीन हप्ते आणि वर 8,300 रुपये उरलेले. मुद्दल जिथल्या तिथं. 14 लाख 65 हजार.

मी बँकेतल्या साहेबांसमोर उभी राहिले, हात थरथरत होते माझे, म्हटलं सर हे काहून असं केलं? तर तो माणूस खुर्चीला टेकून हसत म्हणतो, "अहो ताई, चांगलंच झालं नं, तीन महिने टेन्शन नाही तुम्हाला."

टेन्शन नाही! अरे बाप्पा, तीन महिने हप्त्याचं टेन्शन नसावं म्हणून भरले काय मी ते पैसे? हप्ता तर आम्ही तसाही भरतोच, पोटाला चिमटा काढून भरतो, 58 हप्ते भरलेत, एक बुडवला नाही. मला माझं मुद्दल कमी करायचं होतं. पोट्टीनं आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत बसून मोबाईलवर हिशोब केला होता. आज 50 हजार मुद्दलात गेले तर 188 हप्त्यांचे 176 होतात. शेवटचे बारा हप्ते उडतात. बारा गुणिले 13,900 करून पाहा किती होतात, 1 लाख 66 हजार 800. त्यातून भरलेले 50 हजार वजा केले तरी 1 लाख 16 हजार 800 वाचत होते माझे आणि हा माणूस मला टेन्शन नाही म्हणून सांगतो. त्याला फरक कळत नाही असं नाही, कळतो, चांगला कळतो, तो बँकेत बसतो. बाईमाणूस आहे, काय समजतंय हिला, असं वाटलं त्याला. पुढचं वाक्य तेच होतं त्याचं, "साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो."

साहेब म्हणजे आमचे हे. एसटीत कंडक्टर आहेत. पगार माझ्या हातात देतात तो लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून, आणि घरातला रुपयान् रुपया मी चालवते. कर्जाच्या कागदावर माझीही सही आहे, सतरा ठिकाणी घेतली होती, तेव्हा नाही म्हटलं कोणी की साहेबांना पाठवा. सही करायला मी चालते, समजून घ्यायला नाही चालत.

आणि ते 50 हजार कसे जमले ते मी सांगते, कारण त्या माणसासाठी तो कॉम्प्युटरवरचा आकडा आहे. तीन एकर आहे आमचं गावात, सासऱ्यांच्या नावावर. सप्टेंबरच्या पावसानं अर्धं सोयाबीन वावरातच काळं पडलं. राहिलं ते नेलं तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर म्हणून हमीभावाच्या केंद्रावर घेईनात, 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 होता, तो फक्त पेपरात वाचायचा. अडत्याकडं 4,150 नं गेलं. त्यातून कृषी केंद्राची उधारी चुकवून, मजुरी देऊन हातात राहिले 21 हजार. भिशीचा नंबर मी मुद्दाम शेवटचा घेतला होता, त्याचे 18 हजार. आणि 11 हजार माझ्या ब्लाऊजचे. दिवाळीत आणि लग्नसराईत रात्री एक एक वाजेपर्यंत मशीनवर बसले मी, पायाला गोळे आले. तुरीच्या डाळीचा मोठा डबा आहे माझा, त्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत गेले नोटा, वरून डाळ. कोणाला सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. दर महिन्याला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं आकडा लिहायचा अन् मागचा खोडायचा. तिथला कागद खोडून खोडून फाटायला आला होता. 12 जानेवारीला पैसे घेऊन निघाले तेव्हा नोटांना डाळीचा वास येत होता.

ते पैसे त्यांनी तीन हप्त्यात वाटून टाकले.

आता एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळंच काढते. कर्ज घेतलं मार्च 2021 मध्ये. गावातल्या घरावर कर्ज मिळत नाही, गावठाणातलं घर, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, बँक म्हणते हे चालत नाही, एनए म्हणजे बिगरशेती जागा पाहिजे, ले-आउट मंजूर पाहिजे. म्हणून तालुक्याच्या बाहेर प्लॉट घेऊन बांधलं, दोन खोल्या, किचन आणि वर पत्रे. 16 लाख, 20 वर्षं, 7 टक्के, हप्ता 12,405. त्या 16 लाखातले 38 हजार तर घराला लागलेच नाहीत, ती विम्याची पॉलिसी होती. घ्यावीच लागते ताई, नाहीतर फाईल पुढं जात नाही, असं सांगितलं. लागत नाही म्हणे, सक्ती नसते म्हणे, हे मला तीन वर्षांनी कळलं. त्या 38 हजारांवर आम्ही आजही व्याज भरून राहिलो. आणि सबसिडी! 2 लाख 67 हजार मिळतील, पंतप्रधान आवासची, असं सांगून फाईल घेतली होती, दर महिन्याला विचारायचो तर प्रोसेसमध्ये आहे, मग मार्च 2022 मध्ये ती योजनाच संपली, तेव्हा म्हणाले तुमचा ले-आउट नगरपरिषदेच्या हद्दीत बसत नाही. अरे मग कर्ज देताना नकाशा पाहिला नव्हता काय तुम्ही?

त्यातच 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप. एप्रिल उजाडेपर्यंत पगार नाही. संपावर मी काही बोलत नाही, तो यांच्या पोटाचा प्रश्न होता, पण 5 तारीख संपावर नव्हती. माझं मंगळसूत्र, कानातले, सासूबाईंची एकदाणी, सगळं सोनेतारणात गेलं, हप्ते भरायला. गळ्यात नुसती काळी पोत घालून मी नणंदेच्या पोराच्या बारशाला गेले अन् सगळ्या बायांनी आधी माझ्या गळ्याकडंच पाहिलं. ते सोनं सोडवायला दीड वर्ष लागलं.

तोवर मे 2022 पासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना पैसे देते तो दर, वाढायला लागला. 4 चा 6.50 झाला फेब्रुवारी 2023 पर्यंत, आमचं 7 चं साडेनऊ. एक दिवस मेसेज आला इंग्रजीत, हप्ता 13,900. बस. महिन्याला दीड हजार जास्त, म्हणजे घरातलं दूध अर्धा लिटरवर आलं. मग कधीतरी स्टेटमेंट काढलं तर कळलं की हप्ता वाढवूनही वरून मुदत वाढवली, 220 च्या आसपास हप्ते राहायला पाहिजे होते ते 266 केलेले. विचारलं नाही, सही घेतली नाही. रिझर्व्ह बँकेचं 18 ऑगस्ट 2023 चं परिपत्रक आहे, पोट्टीनं शोधून वाचून दाखवलं मला. दर बदलला तर गिऱ्हाइकाला सांगा, हप्ता वाढवायचा का मुदत वाढवायची हे त्याला विचारा, दर तीन महिन्याला स्टेटमेंट द्या, मुद्दल किती गेलं, व्याज किती गेलं, हप्ते किती राहिले. जुन्या कर्जवाल्यांनाही कळवा. आम्हाला एक कागद मिळाला नाही. मिळाला असता तर माझ्या जिवाला पाच वर्षांत एकदा तरी कळलं असतं की 7 लाख 70 हजारांच्या वर भरून मुद्दलातले फक्त 1 लाख 35 हजार गेलेत. बाकीचं सगळं व्याज! हा आकडा मी आज साहेबांच्या टेबलावरच बेरीज करून काढला, त्यांच्याच पेनानं, आणि मला तिथंच रडू आलं. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. मला पाणी नको होतं.

रेपो आता खालीही आला, फेब्रुवारी 2025 पासून डिसेंबरपर्यंत साडेसहाचा सव्वापाच. वाढला तेव्हा मेसेज आला होता, उतरला तेव्हा नाही आला. मी विचारलं तेव्हा पाहून सांगितलं की हो ताई, झालाय तुमचाही कमी, सव्वाआठ. कधी झाला, किती हप्ते कमी झाले, कोणाला विचारलं? काही नाही.

आणि लोकं. पगारदार माणूस आहे नं तुमच्या घरात, हे वाक्य मला आता ऐकवत नाही. गावात कोणाचं लग्न असो, मंदिराची वर्गणी असो, भागवत सप्ताह असो, आमच्या नावापुढं आधीच आकडा लिहून आणतात. 501 दिले तर तोंड वाकडं, एवढी एसटीत नोकरी अन् 501. शेजारची काकू म्हणते, तुला तर लाडक्या बहिणीचे 1500 येतच असतील. नाही येत काकू, यांची नोकरी पर्मनंट आहे, आम्ही त्यात बसत नाही, पाच वेळा सांगून झालं. हातात येतात 29 हजार, त्यातले 13,900 बँकेत, पोट्टी यवतमाळला अकरावीला आहे तिची रूम अन् मेस, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या, नऊशेच्या घरातलं सिलिंडर, लाईट बिल. वरून मोबाईलवर कोणीतरी कोट घालून सांगत असतो की पगाराचे 50 टक्के गरजेला, 30 टक्के हौसेला, 20 टक्के बचतीला. माझ्या घरात हौसेचे 30 टक्के? पाच वर्षांत मी एक पैठणी घेतली नाही. निम्मा पगार उंबरठ्याच्या आत येत नाही अन् हे मला हौस शिकवतात. असे व्हिडिओ पाहिले की फोन फेकून द्यावासा वाटतो.

परत आजच्यावर येते. मी म्हटलं सर, हे पैसे उलटे करून मुद्दलात टाका. तर म्हणे ते इथून होत नाही, अमरावतीला मेल करावा लागेल, अर्ज द्या, मुख्य कर्जदाराची सही आणा. वर आणखी, "त्यापेक्षा ताई, पुढच्या वेळी असे पैसे जमले तर आमच्याकडं एक पॉलिसी आहे, पाच वर्षं भरायची, चांगला परतावा आहे." तिथं मात्र माझा आवाज चढला. सगळी ब्रँच पाहायला लागली. पीक कर्जाच्या लाईनीतले म्हातारे बुवा उभे होते ते पण मागं वळले. मी म्हटलं, एक पॉलिसी माझ्या गळ्यात आधीच बांधली तुम्ही, तिचं व्याज अजून फिटलं नाही, दुसरीचं नाव काढू नका. चार्ज लागतो का मुद्दल फेडायला ते सांगा. नाही लागत, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचं होम लोन आहे, माणसाच्या नावावर आहे, एक रुपया लागत नाही, हे मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. नाही लागत म्हणाला, हळू आवाजात.

मग मी डेपोत गेले. यांची गाडी सव्वातीनला सुटणार होती, स्टँडवरच गाठलं, तिकिटाच्या मशीनवर कागद ठेवून सही घेतली. हे विचारत होते काय झालं, काय झालं, ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला होता. ते पन्नास हजार कुठून आले हेही त्यांना तिथंच कळलं, दारात उभं राहून, गाडी सुटता सुटता. काही बोलले नाहीत, नुसतं पाहत राहिले माझ्याकडं.

चारला दहा मिनिटं कमी असताना परत बँकेत. अर्ज दिला. पोच मागितली तर म्हणे पोचची काय गरज आहे ताई, आपण आहे नं. म्हटलं गरज आहे. झेरॉक्सवर शिक्का मारा, तारीख टाका, सही करा. शिक्का सापडेना, शिपायाला पाठवलं, शाई वाळलेली, दोनदा मारला तेव्हा कुठं उमटला. मी उभीच राहिले. अर्जात "50,000 रुपये मुद्दलात जमा करावे" असं लिहिलं होतं, त्यातल्या मुद्दलात या शब्दाखाली मी त्याच्यासमोर पेनानं दोन रेघा मारल्या आणि मग त्याची सही घेतली, त्याच्या खाली.

तो कागद आता डाळीच्या डब्यात ठेवलाय. 5 मार्चला खात्यात 13,900 तयार ठेवणार आहे मी, आणि तो हप्ता कटला पाहिजे. कटला पाहिजे म्हणजे पाहिजेच.