आधी मेट्रोची लाइन, मग हॉटेल: एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया इतकी सविस्तर आहे की "धन्यवाद, आपल्या मताचा आदर आहे" छापाचं उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसणार नाही. मुद्द्याला मुद्दा देतो. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. युरोपात मुलाबाळांसोबत जायचं तर शहराच्या ऐन मध्यात पैसे ओतू नका, जरा बाहेर पण मेट्रोला खेटून राहा, असं मी लिहिलं होतं. ताई, यजमान, सासूबाई आणि दोन मुलं असे पाच जण त्या भरवशावर पॅरिसला गेले. हॉटेलच्या पानावर "मेट्रोपासून चार मिनिटं" असं लिहिलेलं होतं आणि ते खरंही निघालं. पण रोज दोनदा गाडी बदलायची, प्रत्येक ठिकाणी जिने, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते" म्हणून सांगितलं. 'फॅमिली रूम' म्हणून जी खोली मिळाली तिच्यात एक डबल बेड आणि एक उघडणारा सोफा. तात्पर्य तुमच्याच शब्दांत: "हे सल्ले पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्या पोरांसाठी ठीक आहेत. सेंटरलाच राहावं, नाहीतर सरळ टूर कंपनी गाठावी."

सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल वाद नाही. पॅरिसची मेट्रो गुडघ्यांची वैरीण आहे. पण तुम्ही सेंटरला राहिला असतात तरी तेच झालं असतं, कारण जिने हॉटेलजवळच्या स्टेशनात असतात तसेच लूव्र आणि आयफेल टॉवरजवळच्या स्टेशनांतही असतात. पॅरिसच्या मेट्रोचा बराचसा भाग शंभर वर्षांपूर्वीचा. तेव्हा लिफ्टचा विचारच नव्हता आणि नंतर त्या बसवायला जमिनीखाली जागा उरली नाही. पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत जिना न चढता जाता येईल अशी लाइन म्हणजे 14 नंबर. ती नवी आहे, बिनड्रायव्हरची आहे, आणि जून 2024 पासून थेट ऑर्ली विमानतळापर्यंत जाते.

म्हणून मी हॉटेल शोधताना आधी हॉटेल शोधतच नाही. शहरात काय काय बघायचंय त्यावरून एक लाइन ठरवतो आणि मग त्या लाइनीवर हॉटेल बघतो. मेट्रोपासून चार मिनिटं हे ठीक, पण कुठल्या लाइनीच्या मेट्रोपासून? पॅरिसला 1 नंबरच्या लाइनीवर ला देफाँसला राहिलात तर शाँझेलिझे, लूव्र, शातले हे सगळं एकाच गाडीत, कुठेही न बदलता. ला देफाँस म्हणजे काचेच्या ऑफिसांची वस्ती. तिथली हॉटेलं सोम ते शुक्र कंपन्यांच्या लोकांवर चालतात आणि शनिवार-रविवारी, तसंच ऑगस्टमध्ये, रिकामी पडतात, तेव्हा दर उतरतात. दिसायला रुक्ष, मान्य. पण तिथूनच आरईआर-ए ही उपनगरी गाडी डिस्नेलँडच्या दारात नेऊन सोडते. मुलांसाठी डिस्नेलँड यादीत असेल (असतंच!) तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शातले स्टेशनावर गाडी बदलावी लागेल असं हॉटेल मात्र मी फुकट मिळालं तरी घेणार नाही. तिथे मेट्रोच्या पाच लाइनी आणि शेजारी आरईआरच्या तीन एकत्र येतात. नकाशावर एक ठिपका दिसतो, प्रत्यक्षात बोगदे, सरकते पट्टे आणि पुन्हा जिने. ऐन गर्दीत सासूबाईंचा हात धरून दादरला वेस्टर्नवरून सेंट्रलला जायचं, आणि तेही जमिनीखाली, पाट्या फ्रेंचमध्ये, असं समजा. तुमच्या वर्णनावरून तुमचं रोजचं बदलायचं स्टेशन हेच असावं अशी मला दाट शंका आहे.

आणखी एक, ज्येष्ठ मंडळी सोबत असली की पॅरिसला बस वापरा. बसचा मजला रस्त्याच्या जवळपास पातळीला असतो, चाकाच्या खुर्चीसाठी फळी बाहेर येते, आणि खिडकीतून शहर दिसतं ते वेगळंच. मेट्रोपेक्षा वेळ जास्त लागतो हे खरं. पण खोलीत बसून राहण्यापेक्षा खिडकीत बसलेलं काय वाईट? (मोंमार्त्रला आबेस स्टेशनवर उतरलात तर लिफ्टची रांग बघून गोल जिन्याकडे वळू नका. भिंतीवर चित्रं सुंदर आहेत, पण पॅरिसमधलं सर्वांत खोल स्टेशन ते. अर्ध्यावर गेल्यावर परत फिरायचीही सोय नाही.)

आता पैशांचं. सेंटरला राहिलं की प्रवासखर्च वाचतो, म्हणून शेवटी सारखंच पडतं, हे तुम्ही लिहिलंय ते हिशोबाला टिकत नाही. जानेवारी 2025 पासून पॅरिस आणि आसपासच्या सगळ्या इल-द-फ्रान्स भागात मेट्रो आणि आरईआरला एकच दर झाला, झोनची भानगड गेली. विमानतळाचं तिकीट तेवढं वेगळं. 2025 साली हा दर होता 2.50 युरो. लहान मुलांची सवलत बाजूला ठेवली तरी पाच जणांचं जाऊन-येऊन 25 युरो. दुपारी विश्रांतीला खोलीवर आलात आणि संध्याकाळी पुन्हा गेलात तर 50. समजा, मध्यात दोन खोल्यांना रात्रीचे 280 युरो पडतात आणि बाहेर स्वयंपाकघराच्या एका अपार्टमेंटला 170. फरक 110. दिवसातून दोन फेऱ्या करूनही 60 युरो हातात राहतात, शिवाय एक वेळचं जेवण घरी. फरक 30-40 युरोंवर आला तर मात्र मीही मध्यातच राहीन, त्यात काही तत्त्व वगैरे नाही.

सोफ्याच्या प्रकरणात खरी गोम आहे ती 'पाच' या आकड्यात. युरोपातल्या हॉटेलांत खोलीत किती माणसं झोपू शकतात हे आगीच्या नियमांनी ठरलेलं असतं. आपल्याकडे "एक गादी टाका ना खाली" म्हटलं की काम होतं, तिथे रिसेप्शनवरची मुलगी हसून नाही म्हणते आणि तिच्या हातात खरंच काही नसतं. चौघांपर्यंत 'फॅमिली रूम' मिळते, पाचवा माणूस आला की दोन खोल्या. आणि दोन खोल्या घ्यायच्याच असतील तर मध्ये दार असलेल्या 'कनेक्टिंग' खोल्या हव्यात असं हॉटेलला ईमेल करून लेखी घ्या. 'शेजारच्या' खोल्या म्हणजे कनेक्टिंग नव्हेत. बुकिंगच्या साइटवर मुलांची वयं खरी टाका. कुठे 12 पर्यंत मूल, कुठे 16 पर्यंत, आणि त्यावर दर बदलतो. खोलीच्या वर्णनात 'सोफा-बेड' असा शब्द कुठेतरी तळाला असतोच. तो वाचायचा आणि फोटोत त्याची लांबी बघायची.

पाच जणांना मी अपार्ट-हॉटेलच सुचवतो: एक झोपायची खोली, बाहेर सोफा-बेड, कोपऱ्यात शेगडी आणि फ्रिज. शेगडी बहुतेक ठिकाणी इंडक्शन किंवा काचेची, त्यामुळे घरून ॲल्युमिनियमचा कुकर नेलात तर तो इंडक्शनवर तापणारच नाही. फोडणी देताना वरचा पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवा, छतावरचा धुराचा अलार्म मोहरी तडतडायची वाट बघत असतो. पोहे, रवा, मेतकूट, चटण्या खुशाल न्या. पण पेढे, खवा, साजूक तूप नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. आजीने प्रेमाने दिलेला डबा कस्टमला सोडून यावा लागला की सहलीची सुरुवातच रडारडीने होते.

टूर कंपनीचं म्हणता, तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. बस दारात येते, वरण-भात मिळतो, सामान उचलायला माणूस असतो. मात्र त्यांची हॉटेलं कुठे असतात तेही बघा. बऱ्याचदा हायवेच्या कडेला, शहरापासून लांब, कारण त्यांच्याकडे स्वतःची बस आहे आणि त्यांना मेट्रोशी देणंघेणं नाही. संध्याकाळी साडेसातला हॉटेलवर सोडलं की तुम्ही तिथेच. मे-जूनमध्ये पॅरिसला रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तो पार्किंगकडे बघत घालवायचा. तुम्हाला ते चालणार असेल तर जरूर जा, सासूबाईंना बहुधा तेच सोयीचं होईल.

दुसऱ्या एका वाचकाने खाली लंडन आणि ॲमस्टरडॅमचं विचारलंय, तेही इथेच उरकतो. लंडनला 11 वर्षांखालची मुलं मोठ्या माणसासोबत ट्यूब (म्हणजे तिथली मेट्रो) आणि बसमध्ये फुकट, त्यामुळे लांब राहण्याचा भुर्दंड फक्त मोठ्यांचा. वेम्बली पार्क हे माझं आवडतं ठिकाण. स्टेशनला लिफ्ट आहे, आणि मेट्रोपॉलिटन लाइन मध्ये फक्त फिंचली रोडला थांबून बेकर स्ट्रीटला पोचते. ईलिंग रोडवरची गुजराती दुकानं आणि शाकाहारी जेवण तिथून जवळ. फक्त स्टेडियमवर मॅच किंवा कॉन्सर्ट असेल त्या तारखा टाळा. त्या रात्री दर दुप्पट-तिप्पट होतात आणि स्टेशनात मुंगीलाही जागा नसते.

ॲमस्टरडॅमला स्लोटरडाइक बघा. मुख्य स्टेशनापासून ट्रेनने पाच-सहा मिनिटं, स्खिपोल विमानतळावरून थेट गाडी. मात्र तिथे बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करायचा तर प्रत्येक प्रवाशाला वेगळं कार्ड लागतं. नवऱ्याचं एकच कार्ड पाच वेळा टेकवून चालत नाही. आणि खोलीचा दर बघताना कर धरलाय का ते पाहा. ॲमस्टरडॅमचा पर्यटक कर 2024 पासून खोलीच्या दराच्या 12.5 टक्के आहे, त्यातच 2026 पासून नेदरलँड्समध्ये हॉटेलांवरचा व्हॅट 9 वरून 21 टक्के झाला. स्वित्झर्लंड महाग खरं, पण बासेल किंवा जिनिव्हात हॉटेलात राहणाऱ्याला मुक्कामापुरता शहरातल्या बस-ट्रॅमचा पास फुकट मिळतो. लक्झेंबर्गला तर 2020 पासून सगळ्यांनाच फुकट.

शेवटी तुमचा टोमणा: "आता मे महिन्यात व्हिएन्ना आणि प्राग ठरतंय, तिथेही स्टेशनजवळ राहा असंच सांगणार का?" हो, आणि व्हिएन्नाच्या बाबतीत तर अगदी बिनधास्त. तिथल्या यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. मुख्य स्टेशनाजवळ, म्हणजे हाउप्टबानहोफला, राहिलात तर यू-1 लाइनीवर तिसरं स्टेशन श्टेफान्सप्लात्झ, तेच शहराचं हृदय. विमानतळावरून रेल्वे थेट हाउप्टबानहोफला येते, त्यामुळे 'कॅट' नावाच्या महागड्या हिरव्या गाडीच्या जाहिरातींकडे बघायची गरज नाही. ती वीन मिट्टे या दुसऱ्याच स्टेशनला जाते, तुमच्या उपयोगाची नाहीच. प्रागची रेलजेट ही गाडीही हाउप्टबानहोफवरूनच सुटते, साधारण चार तास. आणि ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली मोजकी तेवढी उघडी. मुलांना रविवारी सकाळी दूध हवं असेल तेव्हा याची किंमत कळते. मुख्य स्टेशनाजवळ दर चढे वाटले तर त्याच यू-1 वर डॅन्यूब ओलांडून कायझरम्यूलेनला बघा. तिथून श्टेफान्सप्लात्झ सहावं स्टेशन, गाडी बदलायची नाही.

प्रागला मात्र मेट्रोपेक्षा ट्रॅमच्या थांब्याजवळ राहा. मेट्रो खोल आहे आणि तिचे सरकते जिने इतके वेगाने पळतात की पाय ठेवताना तरुण माणूसही दचकतो. आंडेल हा भाग चांगला, हॉटेलं भरपूर, ट्रॅम चहूकडे जातात. जुन्या शहरात दगडी फरशा ओबडधोबड आहेत, तिथे चाकांची बॅग ओढत हॉटेल शोधणं म्हणजे शिक्षा. ट्रॅमच्या वेळापत्रकावर चाकाच्या खुर्चीची खूण असलेली गाडी खालच्या पायरीची असते, सासूबाईंसाठी तीच धरा. 15 वर्षांखालच्या मुलांना प्रागमध्ये तिकीट लागत नाही, वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवा.

तारखा ठरवताना 1 मे आणि 8 मे या झेक सुट्ट्या, आणि ऑस्ट्रियात असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार बघून घ्या. तिथली मंडळी शुक्रवार जोडून बाहेर पडतात आणि हॉटेलं भरतात. व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाची बुकिंगं लागणारच आहेत, तर ती फुकट रद्द होणारी घ्या, म्हणजे नंतर बरं काही मिळालं तर बदलता येईल. तारखा नक्की झाल्या की मुलांची वयं आणि सासूबाईंना सलग किती चालता येतं ते इथेच खाली लिहा, मी व्हिएन्नाची दोन-तीन ठिकाणं बघून ठेवतो.