पीजीएल-१ म्हणे अमर करतं!

भाचीने फॉरवर्ड पाठवला, "मामा, हे परीक्षेत लिहिलं तर चालेल का?" म्हणून, नाहीतर मी वाचलाही नसता. त्यात लिहिलंय की सी. एलेगन्स नावाच्या सूत्रकृमीत पीजीएल-१ हे प्रोटीन पहिल्या क्षणापासून फक्त जननपेशींतच असतं, ज्या पेशीत जाईल ती अमर होते, शुक्राणूही त्याने गच्च भरलेला असतो, आणि माणसाने ते घेतलं तर म्हातारपण थांबतं.

"पहिल्या क्षणापासून" हे चूक. अंडं नुकतं फलित झालेलं असताना या प्रोटीनच्या कणिका, म्हणजे पी-ग्रॅन्यूल्स, अख्ख्या अंड्यात पसरलेल्या असतात. नंतर पुढच्या बाजूच्या विरघळतात, मागच्या टोकाला जमतात, आणि मग अंड्याच्या एकामागून एक विभाजनांतून होणाऱ्या पी१, पी२, पी३ या पेशींतून पी४ पेशीत पोचतात, तिच्यातून झेड२ आणि झेड३ या दोन पेशी होतात, ज्यांच्यापासून पुढे सगळ्या जननपेशी बनतात. त्या टप्प्यावर मात्र प्रोटीन या दोन पेशींतच दिसतं, एवढं खरंय, मान्य.

आता "ज्या पेशीत जाईल ती अमर". अमर म्हणजे जननपेशीसारखी, कारण जननपेशींचाच वंश पुढच्या पिढ्यांत चालू राहतो. अहो, हेच तर तपासून झालंय! जीवशास्त्रज्ञ जेराल्डिन सेडू यांच्या लॅबने २०१० साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापलं, पीपीटीआर-१ जीन बिघडलेल्या किड्यांत या कणिका मागे जमतच नाहीत, त्यांचा माल शरीराच्या पेशींतही वाटला जातो, मग सगळ्या पेशी जननपेशी व्हायला हव्या होत्या ना? झाल्या नाहीत. जननपेशी पी४ मधूनच झाल्या, आणि त्या किड्यांना पिल्लंही झाली. कारण पीआयई-१ नावाचं दुसरं प्रोटीन वगैरे जननपेशी घडवणारे बाकीचे घटक आपल्या जागी नीट पोचले होते, आणि पी४च्या वंशात कणिका पुन्हा तयार झाल्या. साध्या किड्यातसुद्धा थोडं पीजीएल शरीराच्या पेशींत सांडतंच, त्या पेशी ते ऑटोफॅजीने, म्हणजे आपल्याच आतला नको असलेला माल पचवून, साफ करतात, आणि ऑटोफॅजी बंद पाडली तर ते तिथेच साठून राहतं, तरी किडा काही अमर होत नाही. मुळात हा प्राणी जगतो दोन-तीन आठवडे, अमरत्व कुठून आणलं यांनी देव जाणे.

शुक्राणूचं तर उलटंच आहे, पूर्ण तयार झालेल्या शुक्राणूत या कणिका नसतातच, गर्भाला पहिला साठा अंड्यातून मिळतो.

आणि ते "घेणं"! कुठलंही प्रोटीन खाल्लं की पोटात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लं होतात, ते शोधत शोधत तुमच्या पेशीत जाऊन बसत नाही. यावर कोणी पावडर विकत असेल तर सरळ ब्लॉक करा.