वाकडचा फ्लॅट आणि आमच्या नावाने शिमगा

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय, पुण्यातली भाडी. एकाच्या मुलीला हिंजवडीत नोकरी लागली, वाकडला वन बीएचके बघायला गेले तर मालकाने 22 हजार सांगितले आणि वर तीन महिन्यांचं डिपॉझिट. झालं, लगेच एकाने लिहिलं की हे सगळं एनआरआय लोकांमुळे होतंय, तिकडे युरो कमावतात, इकडे फ्लॅट अडवून ठेवतात आणि घरबसल्या भाडं खातात. खाली अंगठ्यांची रांग. आता ग्रुपमध्ये वाकडला फ्लॅट असलेला आणि युरोत पगार घेणारा मी एकटाच, त्यामुळे नाव न घेता कुणाला बोललं ते कळायला फार अक्कल लागत नाही.

तर घरबसल्या खातो ते किती ते सांगतोच. टू बीएचकेचं भाडं 30 हजार, वर्षाचे 3 लाख 60 हजार. त्यातून महिना साडेचार हजार मेंटेनन्स गेला. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाहीत हे सेक्रेटरींना पटवण्यात दादाचे रविवार गेले. प्रॉपर्टी टॅक्स, एजंटला एक महिन्याचं भाडं, भाडेकरू बदलला की रंग, मध्ये एखादा महिना रिकामा. अडीच लाख उरले तर नशीब. फ्लॅटची आजची किंमत 1 कोटी 10 लाख धरा, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास पडतं. बँकेतली एफडी याच्यापेक्षा जास्त देते आणि ती रात्री अकराला फोन करून गीझर बिघडला म्हणत नाही.

शिवाय मालक एनआरआय असला की भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा टॅक्स आधीच कापून सरकारकडे, भरायचा असतो, भाडं कितीही कमी असो. त्यासाठी टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) काढा, तिमाहीला रिटर्न भरा. हे ऐकलं की चांगला भाडेकरू गुपचूप शेजारच्या विंगमधल्या काकांचा फ्लॅट घेतो. (रिफंड मिळतो. मिळतो तेव्हा.) 2024 च्या बजेटमध्ये इंडेक्सेशन, म्हणजे घर विकताना महागाई धरून नफा मोजायची सवलत, काढलं, ओरड झाल्यावर 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरांना जुन्या हिशोबाचा पर्याय परत दिला, पण तो फक्त रेसिडेंट लोकांना. तेव्हा ग्रुपवर आमच्यासाठी कुणी हळहळलेलं आठवत नाही. आणि अडवून ठेवला म्हणजे काय हो? माझ्या फ्लॅटमध्ये माणसं राहतात. आमच्या मजल्यावर दोन फ्लॅट कायम कुलूपबंद आहेत, दोन्ही मालक कोथरूडला राहतात.

इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, मी स्वतः भाडेकरूच आहे. पुण्यात आलो की प्रत्येक आत्या-मावशीचा पहिला प्रश्न, अजून घर नाही घेतलंस तिकडे? अगं मावशी, या देशात निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात, माझ्या बॉसचा बॉस साठीला आलाय, तो पण भाड्यानेच राहतो आणि त्याला कुणी बिचारा म्हणत नाही. कारण अ‍ॅग्रीमेंटला शेवटची तारीखच नसते. मालकीणबाईंना आम्हाला काढायचं तर स्वतःला किंवा घरच्यांना राहायला हवंय असं काहीतरी सबळ कारण लेखी द्यावं लागेल, आणि आम्ही आठ वर्षांच्या वर इथे आहोत म्हणून नोटीस नऊ महिन्यांची. भाडं वाढवायचं तर मीटश्पीगेल, म्हणजे गावातल्या चालू भाड्यांचा तक्ता, बघून, ते पण तीन वर्षांत 20 टक्क्यांच्या वर नाही, आमच्यासारख्या टंचाईच्या शहरात 15. डिपॉझिट फार तर तीन काल्टमीटे, म्हणजे हीटिंग वगैरे सोडून नुसतं तीन महिन्यांचं भाडं. बदल्यात केअरवोखेची, म्हणजे आठवड्याच्या सफाईच्या पाळीची, पाटी दाराला लागली की जिना मीच पुसतो, तेवढं चालायचंच.

घर ताब्यात घेतलं तेव्हा मालकीणबाई टॉर्च घेऊन आल्या होत्या. गुडघ्यावर बसून पार्केटवरचा एकेक ओरखडा बघितला, किती सेंटिमीटरचा ते लिहिलं, हीटरचे आकडे, पाण्याचं मीटर, चाव्या किती, तळघराची वेगळी, दोघांच्या सह्या. बायकोने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. वाकडचा मागचा भाडेकरू गेला तेव्हा दादाने व्हिडिओ पाठवला, हॉलमध्ये टीव्हीसाठी पाडलेली भोकं, ओट्याच्या ग्रॅनाइटची कड उडालेली, यातलं आधीचं काय आणि नंतरचं काय यावर दोघं तासभर भांडले आणि शेवटी डिपॉझिटमधून आठ हजार कापले. ते बरोबर कापले का हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कुठे लिहिलेलंच नव्हतं.

आता म्हणाल की मग तिकडच्यासारखा कायदा आणा. अहो, होता की! 1947 चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट. आमचे आजोबा शनिवार पेठेत वाड्यात दोन खोल्यांत राहायचे, भाडं असं गोठलेलं की मालकाला त्यात कौलं चाळून घेणं परवडेना, मग मालक वाडा पडायची वाट बघतोय आणि भाडेकरू बिल्डर यायची. 1999 च्या नव्या कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण तोवर घरमालक जमातीने असा धसका घेतला होता की आता जो तो लीव्ह अँड लायसन्सच, म्हणजे ठरावीक मुदतीचा करार, करतो, तोही 11 महिन्यांचा, म्हणजे म्हणे रजिस्टर करायला नको. खरं तर महाराष्ट्रात 11 महिने असोत नाहीतर 36, रजिस्टर करावंच लागतं, नाही केलं तर शिक्षा मालकाला, तरी तो 11 चा आकडा काही आपल्या डोक्यातून जात नाही. इथे भाडं वाढू देतात पण दमादमाने. आपण आधी हलूच दिलं नाही आणि मग मोकाट सोडलं. हे बोलायचं सोडून एनआरआयला धरा.

आणि सोसायट्यांचं काय? बॅचलर नको, नॉनव्हेज नको, आधी आडनाव विचारणार, मग फ्लॅट रिकामा आहे की नाही ते ठरणार. माझ्याकडे सध्या नांदेडची तीन मुलं आहेत, आयटीत आहेत, सरळ आहेत, तर सेक्रेटरींचा दादाला फोन की पॅसेजमध्ये चपला फार असतात. इथलंही सांगतो, नाहीतर म्हणाल गोडवे गातोय. घर शोधताना आम्ही शूफा (इथला सिबिलसारखा क्रेडिट रिपोर्ट), पगाराच्या स्लिपा, वर फोटोसकट स्वतःची स्तुती करणारं एक पान अशी फाइल घेऊन हिंडायचो. एका मालकाने सरळ विचारलं, करी फार शिजवता का? बायको म्हणाली छे, आम्ही बहुतेक सॅलडच खातो. घर नाहीच मिळालं. त्यामुळे मी दादाला सांगून ठेवलंय, कुणी काही म्हणो, मुलांना राहू दे. (फॅमिलीपेक्षा तीन हजार जास्त देतात, हेही आहे.)

ग्रुपवर एकाने लिहिलं, परवडत नाही तर विकून टाक ना. सल्ला चुकीचा नाही. बायकोने एक्सेलमध्ये मांडूनही दाखवलं, वाकड विकलं की इथलं डाउनपेमेंट, 5 टक्के ग्रुंडएरवेर्बश्टॉयर (घरखरेदीवरचा टॅक्स) आणि नोटरीचे पैसे निघतात, शिवाय इथे दहा वर्षं ठेवून विकलं तर नफ्यावर टॅक्स नाही. आकडे जुळतात. लेकीला वाकड म्हणजे उकाडा आणि डास. मी मात्र दर वेळी म्हणतो मार्केट अजून वाढेल. शनिवारातला वाडा कधीच पडला, आईबाबांचं घर दादाच्या नावावर आहे, ते योग्यच आहे, त्यांचं सगळं त्याने केलं. पासपोर्टच्या फॉर्मवर भारतातला पत्ता लिहायचा असतो तिथे मी वाकड लिहितो. त्या घरात मी एक रात्रही झोपलेलो नाही. पुण्यात आलो की दादाकडे उतरतो, कारण माझ्या घरात भाडेकरू असतो. पण खाली बोर्डवर माझं आडनाव आहे आणि ते खोडून तिथे दुसऱ्या कुणाचं लागणार हे मला सहन होत नाही, बास, इन्व्हेस्टमेंट वगैरे बायकोला सांगायला.

हे लिहीत असतानाच दादाचा मेसेज आला, पोरांचं अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय, शेजारी 33 चाललंय, किती सांगू? म्हटलं 32 सांग, आणि या वेळी आधी भिंतींचे फोटो काढून त्यांच्या सह्या घे.