डावोसला स्की शेरलॉक होम्सच्या लेखकाने नेली नाही

हिवाळा आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सोबत जुना कृष्णधवल फोटो असतो, त्यात हातात लांब काठी घेतलेला भारदस्त मिशांचा माणूस. मजकूर थोडक्यात असा: शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल १८९४ साली पत्नीच्या आजारपणामुळे स्वित्झर्लंडच्या डावोस नावाच्या गरीब खेड्यात राहायला गेले. तिथे कुणालाच स्की ठाऊक नव्हती. डॉयल यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या, डोंगर ओलांडून शेजारच्या आरोसा गावी जाणारे ते पहिले ठरले, आणि त्यावर लिहिलेल्या त्यांच्या एका लेखामुळे ते खेडं जगप्रसिद्ध स्की रिसॉर्ट झालं.

पत्नीचं आजारपण खरं आहे. खिंड ओलांडली हे खरं आहे आणि लेखही खरा आहे. पण या तीन खऱ्या गोष्टींच्या आधारावर जे उभं केलं आहे ते चुकीचं आहे, आणि त्या चुकीत काही माणसांचं आयुष्यभराचं काम पुसलं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

सर्वांत मोठा दावा आधी: स्वित्झर्लंडमध्ये स्की कुणाला ठाऊक नव्हती.

ठाऊक होती. डॉयल डावोसला पोचण्याआधीच, १८९३ च्या जानेवारीत, ग्लारुस या परगण्यात एक प्रयोग झाला होता. क्रिस्टोफ इझेलिन या तिथल्या तरुणाने नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या ग्रीनलंड सफरीचं वर्णन वाचलं होतं. नान्सेन आणि त्यांच्या साथीदारांनी १८८८ साली ग्रीनलंडचा बर्फाचा विस्तार स्कीवर ओलांडला होता, आणि त्या पुस्तकाने मध्य युरोपात कितीतरी लोकांना वेड लावलं. इझेलिनने स्वतःच्या हाताने स्की बनवून पाहिल्या. लोक हसतील म्हणून तो अंधारात आणि धुक्यात सराव करायचा. नंतर त्याला ओलाफ क्येल्सबर्ग हा नॉर्वेजियन अभियंता भेटला, ज्याला हे तंत्र लहानपणापासून येत होतं. या मंडळींनी ग्लारुसहून प्रागेल खिंड ओलांडून श्वित्स परगण्यातलं मुओताताल गाठलं. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे एडुआर्ड नेफ हा त्यांचा सोबती मुद्दाम स्नोशूजवर, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद जाळीच्या चौकटींवर, चालत होता. आल्प्सच्या चढउतारावर यांतलं कोणतं साधन सरस हे त्यांना शेजारी शेजारी चालून पाहायचं होतं. चढावर नेफ मागे पडला नाही, पण उतार लागताच स्कीवाले पुढे निघून गेले. त्याच वर्षी ग्लारुसला स्वित्झर्लंडमधला पहिला स्की क्लब स्थापन झाला.

म्हणजे डॉयल येण्याआधी या देशात स्की होत्या, स्कीवर ओलांडलेली खिंड होती आणि स्कीची तुलनात्मक चाचणीसुद्धा झालेली होती. यात एकाही ब्रिटिश माणसाचा हात नव्हता. कुणाला श्रेय द्यायचंच तर ते नॉर्वेला द्यावं लागेल. तिथल्या टेलेमार्क प्रांतातल्या सोंद्रे नॉरहाइम यांनी १८६० च्या दशकात टाच जरा घट्ट धरणारे पट्टे वापरून उड्या आणि वळणं घेऊन दाखवली होती. त्याआधी कितीतरी शतकं स्की हे त्या देशात हिवाळ्यात चालण्याचं रोजचं साधन होतं.

आता डावोसकडे येऊ. नॉर्वेहून स्की डॉयल यांनी मागवल्या का?

डावोसमध्ये ब्रँगर आडनावाचे दोन भाऊ होते, टोबियास आणि योहानेस. टोबियास गावात व्यापार करायचे आणि खेळाची त्यांना मनापासून आवड होती. १८८९ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी स्की पाहिल्या आणि नंतर नॉर्वेहून मागवल्या. शिकवणारं कुणी नव्हतं. दोघे भाऊ दिवेलागणीनंतर गावाबाहेर जाऊन पडत-झडत शिकले, कारण इथेही गावकऱ्यांच्या थट्टेची भीती होतीच. ग्लारुसच्या इझेलिनची आणि या भावांची ओळख असल्याचं माझ्या वाचनात नाही, तरी दोघांच्या गोष्टीत तोच अंधार आणि तीच लाज आहे. नव्या गोष्टीचा पहिला विद्यार्थी होणं किती अवघड असतं ते यात दिसतं, आणि म्हणूनच या माणसांची नावं गाळली जातात तेव्हा मला राग येतो.

डॉयल १८९३ च्या अखेरीस डावोसला आले. त्यांच्या पत्नी लुईझा यांना त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं होतं. तोवर ब्रँगर बंधूंचा सराव पुरा झाला होता. डॉयल त्यांच्याकडे शिकले. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे फिरणाऱ्या मजकुरात उलटं झालं आहे.

तिसरा दावा खिंडीचा. डावोस आणि आरोसा यांच्यामध्ये मायेनफेल्डर फुर्गा नावाची खिंड आहे, उंची सुमारे २४४० मीटर. २३ मार्च १८९४ रोजी पहाटे अंधारातच डॉयल आणि दोघे ब्रँगर निघाले आणि दुपारच्या आत आरोसाला पोचले. एका कठीण उतारावर त्यांनी स्की एकत्र बांधून त्यांची घसरगाडी केली. डॉयल यांची ट्वीडची विजार घासून पार विरली. आरोसाच्या हॉटेलात नोंदवहीत टोबियास यांनी डॉयल यांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून ‘खेळाडू’ असं लिहिलं, आणि डॉयल यांना त्याचा फार आनंद झाला. सगळंच सुंदर आहे. पण हीच खिंड दोघे ब्रँगर त्याच्या आदल्या वर्षी, १८९३ मध्ये, स्कीवर ओलांडून गेले होते. डॉयल यांच्यासोबत ते वाटाडे म्हणून होते, आणि ज्याने वाट पाहिलेली असते तोच वाटाड्या होतो.

हे मी डॉयल यांच्याविरुद्ध कुणाची साक्ष काढून सांगत नाही. ते स्वतःच सांगतात. डिसेंबर १८९४ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी या सफरीवर लेख लिहिला, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की, दोन स्विस माणसं सोडली तर स्कीवर डोंगरात काही काम करणारा मी पहिला असा दावा कदाचित करता येईल. दोन स्विस माणसं सोडली तर! ग्लारुसची मंडळी त्यांना ठाऊक नसावीत, पण ज्यांच्याकडून शिकले त्यांचं ऋण त्यांनी ताज्या आठवणीत, छापील शब्दांत मान्य केलं होतं.

मग घोटाळा कुठून सुरू झाला? तीस वर्षांनंतर, १९२४ साली, डॉयल यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी लिहिलं की ग्राउब्युंडन परगण्यात (डावोस याच परगण्यात येतं) स्की आणणारा पहिला माणूस मीच, किंवा निदान एका दरीतून दुसऱ्या दरीत जायला त्यांचा उपयोग होतो हे दाखवणारा तरी मी. पुढे ते म्हणतात की नान्सेनचं वर्णन वाचून त्यांनी टोबियास ब्रँगर यांच्यापाशी विषय काढला आणि सर्वांनी मिळून नॉर्वेहून स्की मागवल्या. पहिल्या लेखात आधीच अनुभवी असलेले दोन भाऊ या वर्णनात डॉयल यांच्याकडून प्रेरणा घेणारे गावकरी होऊन गेले. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. साठी ओलांडलेल्या माणसाच्या आठवणीत घटनांचा क्रम सरकतो. मात्र एकाच लेखकाची दोन विधानं समोर असतील, एक त्याच वर्षीचं आणि दुसरं तीस वर्षांनंतरचं, तर विश्वास पहिल्यावर ठेवायचा, हा इतिहास वाचण्याचा अगदी साधा नियम आहे. फिरणारा मजकूर लिहिणाऱ्याने दुसरं विधान उचललं, आणि त्यातलं ‘किंवा निदान’ हे शब्दही गाळले.

जाता जाता दोन बारीक चुका. १८९४ साली ते ‘सर’ नव्हते. नाइटहूड त्यांना १९०२ मध्ये मिळाला. आणि काही ठिकाणी होम्सचा मृत्यू दाखवलेला धबधबा डावोसजवळ असल्याचं लिहिलेलं असतं. रायखेनबाखचा धबधबा मायरिंगेनजवळ आहे, बर्न परगण्यात. डावोसपासून तो बराच लांब आहे.

आता त्या ‘गरीब खेड्या’बद्दल. इथे मजकूर नुसता चुकत नाही, तो डावोसच्या इतिहासातला सर्वांत मोठा अध्यायच गिळतो.

अलेक्झांडर श्पेंगलर हे मानहाइमचे. १८४९ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे जर्मनी सोडून पळावं लागलेले. स्वित्झर्लंडमध्ये वैद्यक शिकून ते १८५३ साली डावोसला डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्यांच्या लक्षात आलं की या सुमारे १५६० मीटर उंचीवरच्या दरीत क्षय जवळजवळ दिसत नाही, आणि परमुलखात क्षय जडलेले गावकरी घरी परतल्यावर सुधारतात. कोरडी हवा, वाऱ्यापासून आडोसा, हिवाळ्यातही लख्ख ऊन. तोवर डॉक्टर क्षयाच्या रुग्णाला थंडीपासून जपायला सांगत. ८ फेब्रुवारी १८६५ रोजी हुगो रिश्टर आणि फ्रीड्रिश उंगर हे दोन जर्मन रुग्ण ऐन बर्फात इथे येऊन दाखल झाले. उपचारांच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध ठिकाणी त्यांना गुण आला नव्हता. इथे दोघेही सुधारले. रिश्टर तर इथेच राहिले आणि त्यांनी पुस्तकाचं दुकान थाटलं. डावोसचा हिवाळी हंगाम त्या दिवसापासून मोजतात. त्या वेळी डॉयल पाच वर्षांचे होते.

पुढचं सगळं झपाट्याने घडलं. विलेम यान होल्सबूर हे डच गृहस्थ आजारी पत्नीला घेऊन आले. पत्नी वाचली नाही, पण ते राहिले. श्पेंगलर यांच्यासोबत त्यांनी आरोग्यगृह उभारलं, आणि नंतर लांडक्वार्टहून डावोसपर्यंत रेल्वे आणण्यात पुढाकार घेतला. ती रेल्वे १८९० साली डावोसला पोचली. ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन हिवाळे इथे होते. इंग्रज लेखक जॉन ॲडिंग्टन सिमंड्स इथेच घर करून राहिले होते. १८८३ मध्ये डावोस ते क्लोस्टर्स अशी आंतरराष्ट्रीय घसरगाडी शर्यत झाली. बर्फावरचं स्केटिंगही जोरात होतं. डॉयल रेल्वे, हॉटेलं, डॉक्टर आणि मोठी इंग्रज वसाहत असलेल्या, हिवाळ्यात गजबजलेल्या गावी आले. ते तिथे गेले याचं कारणच मुळी ते आधीपासून प्रसिद्ध होतं हे आहे. प्रसिद्ध नसतं तर लंडनच्या माणसाने आजारी पत्नीला तिथे नेलं असतं का?

शेवटचा दावा: त्या एका लेखामुळे डावोस स्की रिसॉर्ट झालं.

लेखाचं मोल मी कमी करणार नाही. ‘स्ट्रँड’ घरोघरी वाचलं जाणारं मासिक होतं, डॉयल त्याचे सर्वांत लाडके लेखक होते, आणि शेकडो इंग्रज स्कीसाठी मार्च-एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडला येतील असं भाकीत त्यांनी त्यात केलं होतं. ते खरं ठरलं. स्वतःच्या पडण्याचं इतकं मोकळं वर्णन करून त्यांनी वाचकाला या खेळाची भीती कमी वाटू दिली, हीसुद्धा सेवाच. इंग्रजी वाचकांपर्यंत स्की पोचवणाऱ्यांत त्यांचं नाव असायलाच हवं.

पण लेखाने डोंगर चढता येत नाही. त्या काळची स्की म्हणजे लाकडाची लांब फळी आणि मध्ये पाय अडकवायला पट्टा. आल्प्सच्या तीव्र उतारांवर त्या आवरणं कठीण होतं. ऑस्ट्रियात लिलियनफेल्डच्या माथियास झ्दार्स्की यांनी पाय घट्ट धरणारी बांधणी आणि तीव्र उताराला जुळणारं तंत्र तयार केलं आणि १८९६ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडलं. १८९७ साली विल्हेल्म पाउल्के आणि त्यांच्या साथीदारांनी बर्नीज ओबरलांड या बर्न परगण्यातल्या उंच डोंगराळ भागाच्या हिमनद्या स्कीवर ओलांडून दाखवल्या. स्विस स्की संघटना १९०४ मध्ये उभी राहिली. तरीही बहुतेकांसाठी स्की म्हणजे कित्येक तासांची चढण आणि त्याच्या बदल्यात एकच उतरण, असंच अनेक वर्षं चाललं. दिवसात एखाददुसऱ्या उतरणीवर कुठलंही रिसॉर्ट चालत नाही.

हे गणित बदललं ते यंत्रांनी. डावोसहून पार्सेनच्या उतारांकडे जाणारी केबलवर ओढली जाणारी रेल्वे १९३१ आणि १९३२ मध्ये दोन टप्प्यांत सुरू झाली. मग झ्युरिकचे अभियंता एर्न्स्ट कॉन्स्टाम यांनी डावोसमधल्याच बोल्गेनच्या उतारावर फिरत्या तारेला टांगलेले आकडे लावून माणसांना स्कीसकट वर ओढणारी लिफ्ट बांधली. ती २४ डिसेंबर १९३४ रोजी चालू झाली. जर्मनीत श्वार्त्सवाल्डच्या शोलाख गावी रॉबर्ट विंटरहाल्डर यांनी १९०८ मध्येच पाणचक्कीच्या जोरावर तशी सोय केली होती, पण जगभर पसरली ती कॉन्स्टाम यांची रचना. पुढे क्षयावर प्रभावी औषधं आली, आरोग्यगृहांतले पलंग रिकामे होऊ लागले आणि त्यांतल्या काहींची हॉटेलं झाली. १९०० साली उघडलेलं शात्सआल्प हे त्यांतलंच एक. त्या रिकाम्या खोल्या स्कीसाठी येणाऱ्यांनी भरल्या, तेव्हा त्या लेखाला अर्धं शतक उलटून गेलं होतं.